कंट्रोल-ए म्हणजे आरंभ

मराठी साहित्य मंडळाच्या अंकात कवितेवर, कादंबरीवर, फार तर सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर लेख यावा अशी आपली अपेक्षा असते. मी लिहिणार आहे कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर. म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती एक लुकलुकणारी खूण असते आणि तिच्यापुढे आपण ओळ टाइप करून एन्टर मारायचं असतं. आणि त्यातही तिथल्या शॉर्टकटवर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायला सोपं जाईल. हे शॉर्टकट बीसीएवाल्यांइतकेच आपण मराठीवाल्यांनी शिकायला हवेत. पण ते वेगाची शेखी मिरवायला नव्हे, तर वाचायला वेळ उरावा म्हणून.

हा विषय डोक्यात शिरला तो मंडळाच्या जुन्या अंकांमुळे. ई-अंक सुरू व्हायच्या आधीचे आपले अंक कॅम्पातल्या एका डीटीपीवाल्याकडे जुळवले जायचे. त्या फाइली मंडळाकडे सीडीवर आहेत, पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण त्या पद्धतीत 'क' हा 'क' म्हणून साठवलाच जात नव्हता. साठवलं जायचं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवायचा. मुखवटा गेला की चेहरा परका.

दोन वर्षांपूर्वी बीसीएच्या एका दादाने त्या सगळ्या फाइली युनिकोडमध्ये बदलून दिल्या. तो पास होऊन बेंगळुरूला गेला आणि काम तिथेच थांबलं. साठेक फाइली आहेत. वाचता येतात, पण चुकांनी भरलेल्या. कुठे रफार शेजारच्या अक्षरावर, कुठे अनुस्वार दोनदा, कुठे पहिली वेलांटी एक घर पुढे.

काही चुका तर डोळ्यांना दिसतच नाहीत. हे दोन शब्द बघा: दुसऱ्या, दुसर्‍या. सांगा फरक! एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आहे. दुसऱ्यात साधा 'र', त्याच्यामागे हलन्त आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. आपल्या डोळ्यांना शब्द एकच, कॉम्प्युटरला दोन. 'ॲ'चं तसंच. एक 'ॲ' अखंड अक्षर म्हणून लिहिता येतो आणि एक 'अ'च्या डोक्यावर चंद्र ठेवून. आज आपण काहीच केलं नाही, तर दहा वर्षांनी कुणी या अंकांत एखादा शब्द शोधेल आणि त्याला निम्मेच लेख सापडतील. बाकीचे लेख असतील, पण शोधणाऱ्यासाठी नसल्यासारखे.

या दुरुस्तीला सध्या मी आणि एसवायची एक मैत्रीण लागलो आहोत. लॅबमध्ये आम्ही टर्मिनल उघडून बसलो की शेजारचा कुणीतरी विचारतोच, "काय करायलीस गं हे? हे आमचं काम हाय की." त्याचा हेतू वाईट नसतो. पण माझं भांडण त्या 'आमचं'शी आहे. काम जर 'त्यांचं' असेल, तर ते पास होऊन गेले की आपले अंक पुन्हा सीडीत पडून राहणार. आपल्या लेखांची काळजी घेण्याचं हत्यार आपल्या हातात नको का?

आता हे शॉर्टकट नेमके लागतात कुठे, ते सांगते. साठ फाइलींत एक चुकीचं रूप कुठे कुठे आलंय ते बघायचं असेल, तर टर्मिनलवर 'ग्रेप' नावाची कमांड असते. तिच्यापुढे शब्द आणि फाइलींची नावं दिली की ती प्रत्येक ओळ काढून समोर ठेवते. मग ओळी वाचायच्या, विचार करायचा, आणि पुढचा शब्द शोधायचा. म्हणजे मघाचीच ओळ पुन्हा लिहायची, फक्त एक शब्द बदलून. मग पुन्हा. मग पुन्हा. एका बैठकीत अशा चाळीस-पन्नास ओळी सहज होतात.

नवा माणूस इथे काय करतो? वरच्या बाणाने जुनी ओळ आणतो. हे ठीक. मग बदलायचा शब्द ओळीच्या मध्ये असतो, म्हणून माउसने तिथे क्लिक करतो. काही होत नाही, कारण टर्मिनलमध्ये सहसा क्लिक केल्याने खूण हलत नाही. मग डावा बाण दाबून धरतो. खूण एकेक घर सरकते, पुढे निघून जाते, मग उजवा बाण. शब्द बदलेपर्यंत तो शब्द का बदलायचा होता तेच डोक्यातून गेलेलं असतं. वेळ काही सेकंदांचाच जातो, पण लक्ष पूर्ण जातं. आणि मुद्रितं वाचणाऱ्याकडे लक्षाशिवाय दुसरं भांडवल काय असतं?

यावर इलाज आहे, आणि तो कीबोर्डवरच आहे. लिनक्सवर, मॅकवर किंवा विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल नाहीतर गिट बॅश टाकून घेतलं तर तिथेही, कंट्रोल दाबून एखादं अक्षर दाबलं की खूण उडी मारते, शब्द पुसला जातो, जुनी ओळ परत येते. अडचण एवढीच की हे शॉर्टकट शिकवणाऱ्या याद्या शंभर-शंभर ओळींच्या असतात आणि त्या गाइडसारख्या पाठ करायच्या असतात. इंग्रजीत त्यांतल्या काहींना अर्थ आहे: 'ई' म्हणजे एंड, 'के' म्हणजे किल. आपण मात्र तो अर्थ बाजूला ठेवून नुसती अक्षरं घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. म्हणून आम्ही दोघींनी त्यांना मराठी अर्थ लावले. ते असे:

कंट्रोल-ए: आरंभ. खूण ओळीच्या सुरुवातीला जाते.

कंट्रोल-ई: इति. खूण ओळीच्या शेवटी जाते.

कंट्रोल-डब्ल्यू: वगळ. खुणेच्या मागचा एक शब्द जातो.

कंट्रोल-यू: उडव. खुणेपासून मागे, सुरुवातीपर्यंतचं सगळं जातं. मॅकच्या नव्या टर्मिनलमध्ये झेडशेल असतं, तिथे पूर्ण ओळच उडते.

कंट्रोल-के: काप. खुणेपासून पुढचं सगळं जातं.

कंट्रोल-वाय: ये. वगळलेलं, उडवलेलं, कापलेलं शेवटचं जे काही असेल ते परत येतं.

कंट्रोल-आर: रोजनामा. आजवर लिहिलेल्या ओळींत शोधता येतं.

कंट्रोल-एल: लख्ख. पडदा साफ होतो, लिहीत असलेली ओळ तशीच राहते.

आठच. यांच्या जोडीला दोन बिनअक्षरी कळा. टॅब दाबली की फाइलीचं अर्धवट नाव पूर्ण होतं, आणि ऑल्टबरोबर टिंब दाबलं की आधीच्या ओळीतला शेवटचा शब्द जसाच्या तसा पुढ्यात येतो. ज्या फाइलीत आत्ता शोधलं तीच फाइल उघडायची असेल, तर तिचं नाव पुन्हा टाइप करायची गरजच नाही. मॅकवर ऑल्टची सेटिंग बदलावी लागते. ते नको असेल तर एस्केप दाबून सोडायची आणि मग टिंब.

या आठांतली मला सगळ्यांत आवडणारी जोडी म्हणजे 'काप' आणि 'ये'. ओळ अर्धी लिहून झाल्यावर लक्षात येतं की आधी दुसरंच काहीतरी बघायला हवं. आरंभ, काप. ओळ रिकामी. जे बघायचं ते बघून घ्यायचं, मग 'ये' म्हणायचं की अर्धी ओळ परत हजर. लेख लिहिताना एखादं वाक्य खोडायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवतो ना, तसंच हे. खोडलेलं फुकट जात नाही एवढा दिलासा असला की हात मोकळेपणी खोडतो. हे कुठल्याही लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि रोजनामा. टर्मिनल तुम्ही लिहिलेल्या ओळी लक्षात ठेवतं. बॅश नावाचं शेल मुळात 500 ओळी ठेवतं, आणि तो आकडा वाढवता येतो. कंट्रोल-आर दाबून शब्दाचा एक तुकडा टाइप केला की तो तुकडा असलेली सगळ्यांत अलीकडची ओळ समोर येते. पुन्हा कंट्रोल-आर, त्याच्या आधीची. हवी ती मिळाली की एन्टर न मारता 'इति' म्हणायचं, म्हणजे ओळ फक्त हातात येते, चालत नाही. नको असेल तर कंट्रोल-जी, आणि शोध रद्द.

हे 'जी' कुठून आलं, याची गोष्ट आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. टर्मिनलला आधी पडदाच नव्हता. 1960 च्या दशकात लोक कॉम्प्युटरशी बोलायचे ते टेलिटाइप यंत्रावरून. टाइपरायटरसारखं यंत्र, कागदाचा रीळ, आणि दोन्ही बाजूंचं बोलणं त्या कागदावर छापलं जायचं. 1963 चं टेलिटाइप मॉडेल 33 सेकंदाला 10 अक्षरं छापायचं. त्याच्या कीबोर्डवर कंट्रोल दाबून एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक पलीकडे जायचा. 'सी'चा 3, म्हणजे मजकूर संपला. 'डी'चा 4, म्हणजे पाठवणं संपलं. 'जी'चा 7, म्हणजे घंटा. खरीखुरी घंटा, यंत्राच्या पोटात बसवलेली. आज कंट्रोल-सी दाबून आपण चालू काम थांबवतो तेव्हाही तोच 3 जातो. साठ वर्षं होऊन गेली, यंत्रं भंगारात गेली, पण शब्द टिकला. मूळ वस्तू गेल्यावरही शब्द मागे राहतो, हे भाषाशास्त्राच्या तासाला आपण शिकतोच. इथे ते बोटांनी शिकायला मिळतं.

कागदावर छापलेलं अक्षर पुसता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकलेल्या अक्षरापुढे # टाइप करायचे, आणि कॉम्प्युटरने समजून घ्यायचं की मागचं अक्षर धरू नये. पडदे आले आणि ओळीतल्या ओळीत पुढे-मागे जाऊन दुरुस्ती करणं शक्य झालं. 'ए' म्हणजे सुरुवात, 'ई' म्हणजे शेवट ही वाटणी एमॅक्स या एडिटरची, जो 1970 च्या दशकात एमआयटीत जन्मला. पुढे ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये बॅश आणलं तेव्हा त्यात याच सवयी घेतल्या. म्हणजे आपण ज्यांना प्रोग्रामरांचे शॉर्टकट म्हणतो ते मुळात मजकूर दुरुस्त करणाऱ्यांचे शॉर्टकट आहेत. त्यांचा जन्मच एडिटरमध्ये झाला. मग ते संपादकांनी का शिकू नयेत?

एमॅक्समधूनच आलेली एक गंमत सांगते. ऑल्ट-यू दाबलं तर पुढचा शब्द मोठ्या लिपीत होतो, ऑल्ट-एल दाबलं तर छोट्या लिपीत, ऑल्ट-सी दाबलं तर फक्त पहिलं अक्षर मोठं. देवनागरीला या तिन्हींचा काडीचा उपयोग नाही, कारण आपल्याकडे मोठी-छोटी लिपी नाहीच. तीन शॉर्टकट कमी पाठ करायचे! टर्मिनलवर आपली लिपी फायद्यात राहते अशी ही एवढी एकच जागा.

कारण बाकी सगळीकडे ती तोट्यात आहे, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींची वही. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर एका चौकटीत बसतं. 'क्षि' लिहा बरं. डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण साठवलेली चिन्हं चार: क, हलन्त, ष, वेलांटी. त्यांतली वेलांटी साठवताना शेवटी आणि दिसताना सगळ्यांच्या आधी. बऱ्याच टर्मिनलांना हा हिशेब जमत नाही. जोडाक्षर फुटतं, मात्रा भलत्याच चौकटीत जाते, खूण एका जागी दिसते आणि अक्षर दुसऱ्याच जागी पुसलं जातं. शॉर्टकट कितीही पाठ असले तरी दिसतं एक आणि होतं एक म्हटल्यावर विश्वास कसा बसणार?

शिवाय कीबोर्डच्या भाषेचा प्रश्न आहे. बेळगावातल्या कुठल्याही विद्यार्थ्यासारखे माझ्या लॅपटॉपवर तीन कीबोर्ड आहेत: इंग्रजी, मराठी, कन्नड. मराठी इन्स्क्रिप्ट चालू असताना 'ए'च्या कळीवर ओकाराची मात्रा असते, 'आर'च्या कळीवर दुसरी वेलांटी. अशा वेळी कंट्रोल-ए दाबलं तर काही टर्मिनल समजून घेतात, काही नाही. 'के'च्या कळीवर मात्र इन्स्क्रिप्टमध्ये नेमका 'क'च आहे. त्यामुळे 'काप' दोन्ही भाषांत जुळतं, हा आमच्या आठांतला सुखद योगायोग.

यावर माझा व्यवहारी तोडगा असा. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवायची, मराठी फाइलीच्या आत. शोधायचा मराठी शब्द टर्मिनलमध्ये चिकटवायचा असेल तर साध्या कंट्रोल-व्हीऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी चालतं. ओळ फारच गुंतागुंतीची झाली तर कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-ई. ती अख्खी ओळ एडिटरमध्ये उघडते, तिथे नीट दुरुस्त करायची आणि बंद केली की चालते. नावं रोमनमध्ये ठेवणं काहींना कमीपणाचं वाटेल. मला वाटत नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं तेच मुळी रोमन लिपीत, आणि त्यामुळे त्याची मराठी कमी मराठी झाली नाही. त्या वेळी जे हाताशी होतं त्यात काम झालं. पण म्हणून चार शतकांनंतरही आपण तेवढ्यावरच समाधान मानावं असंही नाही. टर्मिनल बनवणाऱ्यांना आपली अडचण कळायची असेल, तर आधी आपण ते वापरायला हवं. वापरणाराच नसेल तर तक्रार कोण करणार?

आता आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप आमच्याच वर्गातला: साहित्याला सावकाशपणा लागतो, तुम्ही कुठे वेगाच्या मागे लागलात? मला हा आक्षेप मनापासून पटतो, आणि म्हणूनच मी शॉर्टकटच्या बाजूने आहे. सावकाश काय करायचं हे आधी ठरवू या. 1998 च्या अंकातला एखादा लेख सावकाश वाचायचा, की डावा बाण सावकाश दाबायचा? माझे पप्पा कॅम्पातल्या टायपिंग क्लासला शिकले. तिथली पहिली शिस्त अशी की नजर कागदावरून हलवायची नाही. बोटांना कळा ठाऊक हव्यात, म्हणजे डोळे मजकुरावर राहतात. पप्पांना टर्मिनल माहीत नाही, पण हे तत्त्व तेच. बोटांचं काम बोटांना शिकवून टाकलं की डोळे आणि डोकं वाचायला मोकळे.

दुसरा आक्षेप नवा आहे: हल्ली एआयला सांगितलं की दुरुस्ती होतेच की, कशाला हा खटाटोप? आम्ही करून बघितलं. एका साधनाला जुन्या अंकातली एक कथा दिली आणि फक्त फुटलेली अक्षरं जोडायला सांगितली. अक्षरं जोडून मिळाली, बऱ्यापैकी नीट. पण कथेतली आजी "पाऊस यायलाय की रं" म्हणत होती, ती आता "पाऊस येत आहे रे" म्हणू लागली. न सांगता. आजी बेळगावची होती, ती पुण्याची झाली. साठ फाइलींत असं किती ठिकाणी झालं असतं ते शोधायला पुन्हा साठ फाइली वाचाव्या लागल्या असत्या. टर्मिनलवर जे मी सांगते तेच बदलतं, आणि बदलायच्या आधी प्रत्येक ओळ मला दिसते. 'यायलाय' ही चूक की बोली, हा निर्णय माझा राहतो. सीमाभागातली मराठी आधीच दोन बाजूंनी दुरुस्त होत असते. तिसऱ्या दुरुस्ताची भर आपणच घालायला नको.

म्हणूनच मला हे सगळं छंदापेक्षा मोठं वाटतं. आपल्या जुन्या अंकांत जी मराठी आहे ती पाठ्यपुस्तकात नाही. कन्नडच्या शेजारात वाढलेली, शहापूरच्या गल्लीतली, कॅम्पातल्या घरांतली अशी ती मराठी आहे. ती जशीच्या तशी पुढे द्यायची तर ओळीनओळ कुणीतरी जबाबदारीने वाचायला हवी. तेवढं वाचायला माणसं मोजकीच आहेत, आणि त्यांचा वेळ बाण दाबण्यात जाऊ नये.

तिसरा आक्षेप मीच घेते, कारण तो खरा आहे. शॉर्टकटने हात डोक्याच्या पुढे पळू शकतो. रोजनाम्यातून आलेली ओळ दिसली रे दिसली की एन्टर मारायचा मोह होतो, आणि ती ओळ फाइली पुसणारी असेल तर? टर्मिनलवर पुसलेली फाइल सहसा कचराटोपलीत जात नाही, ती जातेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण इथे अक्षरशः लागू आहे. म्हणून आमचे नियम तीन. एक, मूळ फाइलींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, तिला हात लावायचा नाही. दोन, बदलण्याआधी शोधायचं, म्हणजे किती ठिकाणी बदल होणार ते दिसतं. तीन, एन्टरच्या आधी ओळ डावीकडून उजवीकडे एकदा वाचायची. वेग बोटांचा, एन्टर डोक्याचा.

आणि एक छोटी सूचना लॅबमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना. टर्मिनल अचानक गोठलं, काही टाइप होईना, तर लगेच खिडकी बंद करू नका. बहुतेक वेळा 'सेव्ह' करायच्या सवयीने कुणीतरी कंट्रोल-एस दाबलेलं असतं. टेलिटाइपच्या काळापासून त्याचा अर्थ 'थांब' असा आहे. कंट्रोल-क्यू दाबा, गाडी पुढे निघते. लॅबमध्ये याच कारणासाठी मशीन रीस्टार्ट झालेलं मी पाहिलं आहे. सोबत अर्ध्या तासाचं कामही गेलं.

तर मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर अर्धा तास लॅब मागून घ्यावी. आपल्या आठ कळांचं मराठी कार्ड प्रत्येक मशीनशेजारी चिकटवावं. आम्ही लावलेल्या अर्थांपेक्षा चांगले शब्द कुणाला सुचले तर ते घ्यावेत. 'वगळ' मला अजून पुरता पटलेला नाही. साठ फाइली दहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाकडे सहा येतात. त्यांत बीसीएची मुलंही हवीत, कारण शिकवायला ती लागतील आणि त्या निमित्ताने आपले जुने अंक वाचतील. एक अट मात्र असावी. जो जे काही करेल ते कसं केलं हे एका फाइलीत मराठीत लिहून ठेवेल. म्हणजे तो बेंगळुरूला गेला, पुण्याला गेला, कुठेही गेला, तरी काम त्याच्याबरोबर जाणार नाही.

पहिल्या शुक्रवारी दोनच कळा शिकू, आरंभ आणि इति. 'काप' दुसऱ्या आठवड्यात. आणि 'दुसऱ्या'मधला 'ऱ' कुठला, ते ज्याने त्याने शोधून यावं.